प्रीफॅब घर घेताय? रंग-टाइल्स नंतर, आधी प्लॅन ठरवा! ५७६ चौरस फुटांत काय बसतं, काय नाही?

गावाकडे दोन-तीन गुंठे जागा आहे, आई-वडील तिथेच राहणार आहेत, बजेट मर्यादित आहे आणि वीट-सिमेंटचं बांधकाम वर्षभर रेंगाळायला नको. अशी परिस्थिती असली की आजकाल प्रीफॅब घराचा विचार होतो. कंपनीला फोन केला की तासाभरात व्हॉट्सअ‍ॅपवर पाच-सहा प्लॅन येतात. सगळे छान दिसतात, घरच्यांना एक आवडतो आणि ॲडव्हान्स जातो.

खरी अडचण इथून सुरू होते. वीट-सिमेंटच्या घरात काम चालू असताना ‘ही भिंत दोन फूट मागे घ्या’ असं मिस्त्रीला सांगता येतं. प्रीफॅबमध्ये स्टीलची फ्रेम आणि पॅनल कारखान्यातूनच मापाने कापून येतात. एकदा कटिंग झालं की बदल म्हणजे नवा माल आणि नवा खर्च. म्हणून आयुष्यभराची बचत टाकण्याआधी प्लॅन नीट समजून घ्या.

प्रीफॅबचे दोन प्रकार

पहिला प्रकार किटचा. फ्रेम, भिंतींची पॅनल, छत असे सुटे भाग ट्रकने येतात आणि जागेवर जोडले जातात. दुसरा प्रकार तयार खोलीचा. कंटेनरसारखा पूर्ण डबा येतो आणि क्रेनने जोत्यावर ठेवला जातो.

हे तंत्र आता फक्त साइट ऑफिसपुरतं राहिलेलं नाही. केंद्र सरकारच्या लाइट हाउस प्रोजेक्टमध्ये इंदूरला सँडविच पॅनल, तर आगरतळ्याला हलक्या स्टील फ्रेमचं तंत्र वापरलं गेलं.

प्लॅनच्या दृष्टीने दोन्हींत मोठा फरक आहे. डबा रस्त्यावरून यायचा असल्याने त्याची रुंदी साधारण ८ फुटांवर अडकते. शिपिंग कंटेनरची आतली रुंदी जेमतेम २.३५ मीटर, म्हणजे पावणेआठ फुटांच्या आत असते. आतून इन्सुलेशन लावलं की ती आणखी घटते. त्यात ६ फुटी पलंग आडवा टाकला तर बाजूने माणूस जेमतेम सरकतो. चार-पाच जणांच्या कुटुंबाला राहायचं असेल तर किटचं घर किंवा दोन डबे शेजारी जोडून मधली भिंत काढलेला प्लॅनच बघा.

चौकोनी, लांबट की एल आकाराचं?

समजा घर ५७६ चौरस फुटांचं आहे आणि भिंतीची उंची १० फूट आहे. क्षेत्रफळ तेवढंच ठेवून फक्त आकार बदलला तर काय होतं ते बघा.

• चौकोनी, २४ बाय २४: बाहेरच्या भिंतींची लांबी ९६ फूट, पॅनल ९६० चौरस फूट.
• लांबट, ३६ बाय १६: लांबी १०४ फूट, पॅनल १,०४० चौरस फूट.
• एल आकार (३० बाय २४ मधून १२ बाय १२ चा कोपरा वगळून): लांबी १०८ फूट, पॅनल १,०८० चौरस फूट.

म्हणजे एल आकाराला चौकोनापेक्षा साडेबारा टक्के जास्त भिंत लागते. शिवाय आतल्या कोपऱ्यावर छताचे दोन उतार भेटतात आणि तिथे पन्हळ तयार होते. कोकणातल्या पावसात गळती सुरू व्हायची असेल तर पहिली इथूनच होते.

मग चौकोनच सर्वांत चांगला का? भिंतींचा हिशेब तसं सांगतो, पण २४ फूट रुंदीवर छत टाकायला जड ट्रस किंवा मधे आधार लागतो आणि मधल्या भागात उजेड-वारा कमी पोहोचतो. १६ फुटी लांबट घरात बऱ्याच खोल्यांना समोरासमोर खिडक्या देता येतात. थोडी जास्त भिंत लागली तरी उन्हाळ्यात फरक कळतो. प्लॉट लांबट असेल तर हाच आकार सोयीचा.

पॅसेज म्हणजे पैसे

अनेक तयार प्लॅनमध्ये खोल्या जोडणारा पॅसेज असतो. ३ फूट रुंद आणि २० फूट लांब पॅसेज म्हणजे ६० चौरस फूट, घराचा दहावा हिस्सा. दर १,५०० रुपये चौरस फूट धरला तर फक्त ये-जा करायला ९० हजार रुपये जातात.

त्याऐवजी मधे हॉल आणि दोन्ही बाजूंना एकेक बेडरूम असा प्लॅन छोट्या घराला चांगला. पॅसेजचं काम हॉलच करतो. गणपतीत किंवा लग्नकार्यात वीस माणसं आली तर बसायला सलग जागा मिळते. समोर ६ फुटांची पडवी काढली तर चपला, ओल्या छत्र्या आणि संध्याकाळच्या गप्पा तिथेच राहतात. पडवीला भिंती लागत नसल्याने ती खोलीपेक्षा स्वस्तही पडते.

खोली किती लहान चालेल?

नॅशनल बिल्डिंग कोडनुसार दोन खोल्या असतील तर एक किमान ९.५ चौरस मीटर (सुमारे १०२ चौरस फूट) आणि दुसरी ७.५ चौरस मीटर (सुमारे ८१ चौरस फूट) हवी. स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर, म्हणजे साधारण ५४ चौरस फूट. प्लॅनमध्ये ‘बेडरूम’ लिहिलेली खोली ८ बाय ८ ची असेल तर ती ६४ चौरस फूटच भरते. तिला स्टोअर रूम म्हणा.

मापं शक्यतो ४ च्या पटीत ठेवा. सिमेंट बोर्ड साधारणपणे ८ बाय ४ फुटांत येतो. १२ फुटी भिंतीला तीन बोर्ड पुरतात. १३ फुटी भिंतीला चौथा बोर्ड फक्त एका फुटासाठी कापावा लागतो.

पाणी, ऊन आणि वारा

• स्वयंपाकघर, बाथरूम आणि संडास एकाच भिंतीला लागून घ्या. पाइप कमी लागतो आणि गळती शोधणं सोपं जातं.
• हलकी भिंत विटांच्या भिंतीपेक्षा लवकर तापते. पश्चिमेला बेडरूमऐवजी बाथरूम किंवा स्टोअर टाका.
• हजार लिटरची टाकी भरल्यावर पाण्याचंच वजन एक टन होतं. ती हलक्या छतावर ठेवू नका, वेगळ्या स्टँडची जागा प्लॅनमध्येच दाखवा.
• गिझर, टीव्ही आणि भिंतीवरची कपाटं कुठे येणार ते आधीच ठरवा. तिथे पॅनलच्या आत जादा आधार द्यावा लागतो.
• हलक्या घराला वाऱ्याचा धोका जास्त. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीत असंख्य घरांचे पत्रे उडाले. फ्रेम जोत्याला आणि छत फ्रेमला कसं बांधणार, याचं ड्रॉइंग मागा.

आजचं घर, दहा वर्षांनंतरचं कुटुंब

आई-वडिलांची खोली बाथरूमच्या जवळ हवी. बाथरूमला पायरी नको आणि दार ३ फुटी घ्या. पुढे वॉकर किंवा व्हीलचेअर लागली तर दार बदलणं महागात पडतं.

पुढे खोली वाढवायची असेल तर आजच एक बाजू मोकळी सोडा. त्या भिंतीत दाराएवढ्या रुंदीची खिडकी ठेवली की नंतर तिथेच दार काढता येतं. वरचा मजला हवा असेल तर पाया आणि फ्रेम सुरुवातीपासूनच तेवढ्या ताकदीची लागते, हे कंपनीला पहिल्याच भेटीत सांगा.

ॲडव्हान्स देण्याआधी

• दरात जोतं, वायरिंग, प्लंबिंग, वाहतूक आणि जीएसटी आहे का, हे लेखी घ्या.
• ट्रक आणि क्रेन प्लॉटपर्यंत पोहोचेल का, रस्ता मोजून बघा.
• प्रीफॅब आहे म्हणून परवानगीतून सूट मिळते असं समजू नका. ग्रामपंचायत किंवा नियोजन प्राधिकरणाकडे आधी चौकशी करा. कर्ज हवं असेल तर बँकेलाही आधीच विचारा.
• त्याच कंपनीचं किमान दोन पावसाळे झालेलं घर प्रत्यक्ष बघून या.

आणि एक फुकटातला उपाय. सही करण्याआधी प्लॉटवर फक्की टाकून पूर्ण प्लॅन खऱ्या मापात आखा. पलंगाच्या जागी चटई टाका, ओट्याच्या जागी टेबल ठेवा. मग आईला स्वयंपाकघरात उभं राहायला सांगा आणि बाबांना रात्री उठून बाथरूमला जातात तसं चालायला सांगा. कुठे अडतंय ते पाच मिनिटांत कळेल. फक्की पुसून पुन्हा आखता येते, कापलेलं पॅनल पुन्हा जोडता येत नाही.