जुन्या संगणकाचा नवा कारभार

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सेवा थांबवली आणि घरोघरचे कितीतरी संगणक अधांतरी लटकले. यंत्र धडधाकट, पण सुरक्षेचे अपडेट बंद. वाढीव मुदत घेता येते, पण ती तात्पुरती. विंडोज ११ वर जावे तर तिच्या अटी आड येतात. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. म्हणजे २०१७ च्या सुमारास मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी हौसेने घेतलेला सातव्या पिढीचा आय-फाइव्ह लॅपटॉप बाद. दुकानात विचारले की उत्तर ठरलेले असते : ‘काका, आता नवाच घ्या.’

असा संगणक भंगारात काढण्याआधी त्यावर एकदा लिनक्स चालवून पाहावे, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. ज्या घरात संगणकावर मराठी लिहिले जाते, त्या घराने तर नक्कीच.

लिनक्सची सुरुवात हेलसिंकीतली. २५ ऑगस्ट १९९१ रोजी लिनस टॉरवल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचे जाहीर केले. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्येच ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची घोषणा केली होती. त्या प्रकल्पाचा जीपीएल परवाना टॉरवल्ड्स यांनी १९९२ मध्ये आपल्या कामाला लावला. हा परवाना म्हणतो : वापरा, आतली रचना वाचा, हवी तशी बदला, इतरांना द्या, मात्र बदललेले पुढे देताना हेच हक्क पुढच्यालाही द्या. फुकट मिळणारी गोष्ट कच्ची असणार, ही शंका मला नेहमी विचारली जाते. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे, आणि जगातल्या ५०० सर्वांत वेगवान महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच चालतो. केरळमधल्या सरकारी शाळांत मुले वर्षानुवर्षे त्यावरच संगणक शिकत आली आहेत.

लिनक्सचे प्रकार मात्र ढीगभर, आणि नवखा माणूस तिथेच गांगरतो. माझा कौल स्पष्ट आहे. विंडोजची सवय असलेल्या घराने लिनक्स मिंट घ्यावे. २००६ पासून चालत आलेल्या या प्रकल्पात खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ अशी ओळखीची मांडणी मिळते. त्याची २२ वी आवृत्ती २०२९ पर्यंत अपडेट होत राहणार आहे. रॅम ४ जीबी किंवा अधिक असेल तर सिनॅमन ही आवृत्ती घ्या, त्याहून कमी असेल तर एक्सएफसीई. उबुंटू, डेबियन, आपल्या सी-डॅकचे ‘बॉस’ हेही आहेत. पण पहिल्याच पावलाला दहा पर्याय तोलत बसू नये.

यातली सर्वांत चांगली सोय अशी की संगणकावर काहीही न बसवता हे सगळे आधी वापरून पाहता येते. मिंटची तीन जीबीच्या आसपासची आयएसओ फाइल उतरवायची आणि रूफस किंवा एचर या मोफत प्रोग्रामने ती आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवायची. पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते, म्हणून रिकामाच घ्यावा. मग संगणक बंद करून पेनड्राइव्ह लावायचा आणि चालू होताना बूट मेनूचे बटण दाबत राहायचे. डेल, लेनोवो, एसरवर ते बहुधा एफ-१२ असते, एचपीवर एफ-९. थोड्या वेळात मिंटचा पडदा समोर येतो. वाय-फाय जोडा, यूट्यूबचा आवाज ऐका, कॅमेरा बघा, प्रिंटरवर एक पान काढा. पेनड्राइव्हवरून चालताना थोडा संथपणा जाणवेल, तो धरायचा नाही. तुम्ही मुद्दाम इन्स्टॉल म्हणत नाही, तोवर विंडोजला धक्का लागत नाही.

आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या डेस्कटॉपवर मिंट असे पेनड्राइव्हवरून चालू केले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘माझं लिखाण कुठं गेलं?’

‘जागेवरच आहे, सर. आपण त्याला हातही लावलेला नाही,’ म्हणत फाइल्सच्या खिडकीतून त्यांची हार्ड डिस्क उघडून दाखवली. शाळेच्या इतिहासाची प्रकरणे ओळीने दिसली. त्यांचा जीव भांड्यात पडला. पण पहिले प्रकरण उघडले, तर पानभर रोमन अक्षरे, मधे मधे कंस, डॉलर आणि टोपी घातलेले ओ. मराठीचा मागमूस नाही.

या मुक्कामावर पुष्कळ मराठी माणसे माघारी फिरतात, म्हणून इथे जरा थांबू. युनिकोड ही सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरपद्धती रुळण्याआधी आपल्याकडे मराठी लिहिले गेले ते श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरच्या खास फाँटमध्ये. या फाँटमध्ये फाइलच्या पोटात साठतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हेच. त्यांच्या जागी देवनागरीची चित्रे दाखवण्याचे काम फाँट करतो. फाँट नसला की चित्रे जातात आणि आतले उघडे पडते. यात लिनक्सचा दोष नाही. तो फाँट नसलेल्या कुठल्याही विंडोजवर हेच दिसेल, आणि फोनवर तर दिसतेच. त्या फायली गूगलला शोधता येत नाहीत, नातवाला मोबाइलवर वाचता येत नाहीत. आयुष्यभराचे लिखाण एका यंत्रात कोंडलेले राहते.

उपाय एकच : विंडोज अजून चालू आहे तोवरच त्या फायली युनिकोडमध्ये आणून घ्यायच्या. कोणता फाँट आहे ते आधी नेमके बघावे, कारण प्रत्येकाचा परिवर्तक वेगळा. असे परिवर्तक मोफत मिळतात. त्यांचे काम बरे असते, निर्दोष नसते. पहिली वेलांटी जुन्या फाँटमध्ये अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. त्यामुळे जोडाक्षराशी गाठ पडली की ती भलतीकडे जाऊन बसते. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र हमखास बिघडतो. एकेक प्रकरण वाचून दुरुस्त करावे लागते. सरांनी ते काम पावसाळाभर पुरवून केले, आणि नंतरच आम्ही त्यांच्या संगणकावर मिंट बसवले. जुन्या फायली आणि ते फाँट, दोन्हीची प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवली आहे. मूळ कधीही टाकू नये.

नवे मराठी लिहिण्यासाठी मात्र लिनक्सवर काही विकत घ्यावे लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडले की इनस्क्रिप्ट ही मांडणी हजर. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. एनच्या बटणावर ल, शिफ्ट धरले की ळ. जेवर र, शिफ्ट धरले की तोच आपला ऱ. मग डी म्हणजे हलंत, स्लॅश म्हणजे य, ई म्हणजे काना, की ‘ऱ्या’ तयार. इंग्रजी स्पेलिंगने मराठी लिहायची सवय असेल तर आयबस आणि एम-१७-एन हे भाग घालून उच्चारानुसारचा कीबोर्डही घेता येतो. माझे मत विचाराल तर इनस्क्रिप्टच शिकावे. सुरुवातीला हात अडखळतो, पण विंडोज आणि लिनक्स या दोन्हींवर तीच मांडणी मिळते. फाँटही मोकळे आहेत : रेड हॅटने प्रसिद्ध केलेला लोहित, मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे मुक्ता आणि बलू.

आता काय चालत नाही ते. टॅली विंडोजसाठीच बनते, तेव्हा हिशेबाचा संगणक हलवू नका. पेजमेकर, कोरल-ड्रॉवर पोट असलेल्या डीटीपीवाल्यांनीही नाही; स्क्रायबस आणि इंकस्केप चांगले आहेत, पण चालू धंद्यात शिकायला सवड नसते. डिजिटल सहीचा टोकन लागत असेल तर त्याचा ड्रायव्हर आहे का ते आधी बघा. एचपीचे बहुतेक प्रिंटर बिनतक्रार चालतात, काही जुने लेझर प्रिंटर मात्र फार छळतात. वर्डच्या फायली लिबरऑफिसमध्ये उघडतात. साधा मजकूर नीट येतो, गुंतागुंतीचे तक्ते कधी सरकतात. बँक, वीजबिल, रेल्वेचे तिकीट, व्हॉट्सॲप ही कामे ब्राउझरमधून पूर्वीसारखीच होतात.

प्रत्यक्ष बसवणे अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे. त्याआधी फोटो, कागदपत्रे आणि ब्राउझरमधले पासवर्ड बाहेर काढून ठेवा. बिटलॉकर हे विंडोजचे डिस्कला लागणारे कुलूप चालू असेल तर बंद करा. मग ‘सगळे पुसून बसवा’ आणि ‘विंडोजच्या शेजारी बसवा’ असे दोन पर्याय समोर येतील. प्रत नीट घेतलेली असेल तर मी पहिलाच निवडेन. दोन कारभार एका घरात ठेवले की जागेची ओढाताण होते आणि बरीच माणसे सवयीने जुन्यातच शिरतात. बसवून झाल्यावर टाइमशिफ्ट चालू करा, म्हणजे एखादे अपडेट बिघडले तर कालच्या स्थितीला परत जाता येते.

आणि खर्च करायचाच असेल तर एका गोष्टीवर करा : फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी घाला. जुना संगणक रखडतो तो बहुधा या डिस्कमुळे. मिंटमधल्या ‘डिस्क्स’ या प्रोग्रामात जुन्या डिस्कची तब्येतही दिसते. ती शेवटच्या घटका मोजत असेल तर तिच्यावर नवे काहीच बसवू नये. ३२ बिटचा फारच जुना संगणक असेल तर त्याचा हट्ट सोडलेला बरा; मिंटने २०२० मधल्या विसाव्या आवृत्तीपासून आणि डेबियनने २०२५ मधल्या तेराव्यापासून त्यांच्यासाठीची नेहमीची आवृत्ती काढणे बंद केले आहे.

मिंटचे मेनू मराठीतही करता येतात, पण मधूनच इंग्रजी ओळी डोकावतात, कारण तेवढे भाषांतर कोणी केलेले नाही. हे काम लाँचपॅड या संकेतस्थळावर खुले आहे. प्रोग्रामिंग यावे लागत नाही, मराठी चांगले यावे लागते. आमच्या सरांनी तिथे खाते उघडले आहे, आणि सध्या ते प्रिंटरच्या सूचना मराठीत आणत आहेत.