आडनावात ‘कर’ आहे? तुमचं मूळ गाव कसं शोधाल?

इंदूरच्या होळकरांचं आडनाव इंदूरचं नाही. ते पुणे जिल्ह्यातल्या नीरा नदीकाठच्या होळ गावावरून आलंय. मल्हारराव होळकरांनी १८व्या शतकात माळव्यात राज्य उभं केलं, पण आडनावात होळ तसंच राहिलं.

‘कर’ लागलेली अनेक आडनावं अशीच पडली. गावातच राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण ओळखणार? परगावी गेल्यावरच लोक ‘हे अमक्या गावचे’ म्हणू लागतात. म्हणजे असं आडनाव बहुधा पूर्वजांनी सोडलेलं गाव सांगतं.

पण घाई नको. वडगाव, पिंपळगाव नावाची गावं अनेक जिल्ह्यांत आहेत. शिवाय एकाच गावातून वेगवेगळ्या जातींची कुटुंबं बाहेर पडली. त्यामुळे दोन वडगावकर एकमेकांचे भाऊबंद असतीलच असं नाही.

मग खात्री कशी करायची?

- कुलदैवत कुठलं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. ते मूळ गावाच्या परिसरातलं असू शकतं.
- नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वजांची नावं आणि गाव सापडू शकतं.
- जमिनीचे जुने कागद मोडीत असतील, तर मोडी वाचणाऱ्याला दाखवा.

सुरुवात मात्र आजी-आजोबांपासून करा. कागद उद्याही सापडतील, त्यांच्या आठवणी सापडतीलच असं नाही.