बाबांचे कान आणि बारा व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर

"मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे," असं मॅडम म्हणाल्या आणि मला घामच फुटला. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांचं मराठी कसं असतं ते सगळ्यांना माहीत आहेच, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या! पण हल्ली होस्टेलवर कुणी ना कुणी विचारतंच, "घरासाठी छोटा, स्वस्त, वाय-फायवाला अ‍ॅम्प कुठला घेऊ?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. कारण हे सगळं मी स्वतःचे पैसे घालवून शिकलेय.

झालं असं. चिंचवडला आमचा वन-बीएचके. बाबांनी भोसरीच्या एका प्रेसशॉपमध्ये सव्वीस वर्षं काढली. त्यांना नाद एकच, नाट्यगीतांचा. त्यातही वसंतराव देशपांडे म्हणजे देवच! काकांनी त्यांचे जुने स्पीकर दिले, म्हणून इंटर्नशिपच्या पहिल्या स्टायपेंडमधून मी तपकीर गल्लीतून एक ब्लूटूथ अ‍ॅम्प आणला. डब्यावर लिहिलं होतं, '१०० + १०० वॅट'. बाबा खूश! पण चार दिवसांनी आई म्हणाली, "हे आवाज वाढवत बसतात आणि तो फाटतो." आठवड्याभराने बाबांनी तो बंदच करून ठेवला. म्हणाले, "राहू दे गं, शब्दच कळत नाहीत. माझे कान गेले आता."

मला फार वाईट वाटलं. मग मी तो डबा उघडला.

पहिली गोष्ट : डब्यावरचे वॅट वाचू नका, अ‍ॅडॉप्टर वाचा. माझ्या अ‍ॅम्पचा अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्ट, २ अँपिअरचा. म्हणजे आत जाणार २४ वॅट. बाहेर २०० कुठून येणार? शिवाय स्पीकर ८ ओहमचे. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोधाची दुप्पट, म्हणजे १४४ भागिले १६, जेमतेम ९ वॅट. त्याच्या पुढे आवाज वाढवला की वेव्हफॉर्मचं डोकं कापलं जातं. यालाच क्लिपिंग म्हणतात. शब्द का कळत नव्हते त्याचं अर्धं उत्तर इथेच मिळालं!

आत चिप होती टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३११६. स्वस्त क्लास डी अ‍ॅम्पमध्ये ही हमखास सापडते. क्लास डी म्हणजे ट्रान्झिस्टर अर्धवट चालू न ठेवता फक्त पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद करायचा. त्यामुळे उष्णता कमी, मोठा हीटसिंक नको, आणि अ‍ॅम्प टिफिनच्या डब्याएवढा. ही चिप २६ व्होल्टपर्यंत चालते. मी घरात पडलेला जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावला : ३६१ भागिले १६, साडेबावीस वॅट. खर्च शून्य! (पण आधी अ‍ॅम्पवर लिहिलेली व्होल्टेजची मर्यादा, पिनचं प्लस-मायनस आणि आतल्या कपॅसिटरचं रेटिंग बघा. नाहीतर धूर निघेल आणि मला शिव्या द्याल.)

दुसरी गोष्ट : लहान घरात जास्त वॅट लागतच नाहीत. ९ चे साडेबावीस वॅट झाले तरी फरक फक्त ४ डेसिबल. कानाला आवाज 'दुप्पट' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट! त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे स्पीकर जवळ आणा. अंतर निम्मं केलं की मोकळ्या जागेत ६ डेसिबल मिळतात, खोलीत थोडे कमी. आमचे स्पीकर टीव्हीशेजारी, बाबांपासून तीन मीटरवर होते. ते खुर्चीपासून दीड मीटरवर आणले. भिंतीपलीकडच्या दहावीच्या मुलीलाही कमी त्रास, कारण आता आवाज मुळात कमी ठेवावा लागतो.

तिसरी गोष्ट : ब्लूटूथ की वाय-फाय? सीडीच्या दर्जाला सेकंदाला १४११ किलोबिट लागतात. ब्लूटूथचा नेहमीचा एसबीसी कोडेक साधारण ३२८ वर थांबतो. पण खरं सांगू? घरात त्याहून मोठा प्रश्न वेगळाच असतो. ब्लूटूथवर फोन आला की गाणं बंद, फोन घेऊन खाली गेलं की गाणं बंद. वाय-फाय स्ट्रीमिंगच्या बहुतेक पद्धतींत अ‍ॅम्प स्वतःच गाणं इंटरनेटवरून खेचतो, फोन फक्त रिमोट.

चौथी गोष्ट : एक डबा की दोन? एका डब्यात सगळं हवं तर २०२३ मध्ये आलेला विम अ‍ॅम्प चांगला : ८ ओहमला चॅनलमागे ६० वॅट, टीव्हीसाठी एचडीएमआय, आणि हाताने फिरवायचं बटण. अमेरिकेत किंमत २९९ डॉलर होती. माझ्या बजेटबाहेर! पण दोन डब्यांचा आणखी एक फायदा आहे. अ‍ॅम्प वीस वर्षं चालतो, सॉफ्टवेअर नाही. लॉजिटेकचं स्क्वीझबॉक्स २०१२ मध्ये बंद झालं, गूगलचं क्रोमकास्ट ऑडिओ २०१९ मध्ये. स्ट्रीमर वेगळा असेल तर तेवढाच बदलता येतो. मी रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू आणि छोटा डॅक बोर्ड घेतला, त्यावर मोड ऑडिओ हे फुकट सॉफ्टवेअर टाकलं, आणि जुन्या अ‍ॅम्पच्या ऑक्सला जोडलं.

पाचवी गोष्ट : इक्वलायझर आहे का बघा. कारखान्यातल्या आवाजाने कान आधी ४ किलोहर्ट्झच्या आसपास मंदावतात, आणि 'स', 'श' सारखी व्यंजनं त्याच भागात असतात. बाबांना आधी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणीत नेमकं तेच निघालं. मग त्या भागात ५ डेसिबल वाढवले. अ‍ॅम्प म्हणजे श्रवणयंत्र नव्हे. तो विषय डॉक्टरांशी चालू आहे.

दिवाळीच्या सुट्टीत सगळं जोडून दिलं. बाबा खुर्चीत बसले, डोळे मिटले. एक पद झालं, दुसरं झालं. मग म्हणाले, "सगळेच कान गेले नव्हते म्हणायचे!"

अर्धा दोष कानांचा होता, अर्धा अ‍ॅडॉप्टरचा. तेव्हा मित्रांनो, घरात कुणी "मला ऐकू येत नाही" म्हणालं, तर आधी डॉक्टरांकडे न्या, आणि मग एकदा अ‍ॅडॉप्टरवरचे आकडेही वाचा!