मदत जनावरावर मोजतात, जमिनीवर नव्हे!

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा आणि सोलापूर जिल्ह्यात महापूर आला. पिके गेली, जमिनी खरडून गेल्या आणि दावणीला बांधलेली जनावरे जागीच बुडाली. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. चर्चा झाली ती हेक्टरी मदतीची. मात्र ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, चार शेळ्या हीच ज्यांची मालमत्ता आहे, अशी कितीतरी कुटुंबे आपल्या वस्त्यांमध्ये आहेत. त्यांना काय मिळते?

हेक्टरचा हिशेब पिकाला लागतो. पशुधनाची मदत मेलेल्या जनावरामागे ठरते. म्हणून सातबारा नाही या कारणाने अर्जच न करणे म्हणजे हक्कावर पाणी सोडणे होय.

केंद्राच्या आपत्ती निधीचे २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीचे दर असे आहेत: दुधाळ गाय-म्हैस ३७,५०० रुपये, बैल ३२,००० रुपये, वासरू २०,००० रुपये, शेळी-मेंढी ४,००० रुपये आणि कोंबडी १०० रुपये. कोंबड्यांसाठी एका कुटुंबाला जास्तीत जास्त १०,००० रुपये मिळतात. मोठ्या दुधाळ जनावरांना तीनची आणि शेळ्या-मेंढ्यांना तीसची मर्यादा आहे. २०२५ च्या पॅकेजमध्ये राज्याने तीन जनावरांची अट काढली. म्हणजे चार शेळ्या आणि दहा कोंबड्या गेल्या, तर या दराने १७,००० रुपये होतात.

पण खरी अडचण पुराव्याची आहे. १ जून २०२४ पासून राज्यात जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला (टॅग) सक्तीचा आहे. बिल्ला नसेल तर नैसर्गिक आपत्ती, विजेचा धक्का किंवा वन्य प्राण्याच्या हल्ल्यात जनावर दगावल्यास भरपाई देय नाही, असे सरकारने तेव्हाच स्पष्ट केले. ज्याच्याकडे वीस म्हशी आहेत, त्याच्या गोठ्यावर डॉक्टर येतात. वस्तीतल्या दोन शेळ्यांपर्यंत टॅगिंग पोहोचले का, हे कोण पाहणार? पुरात जनावर वाहून गेले तर शवही हाती लागत नाही. अशा वेळी आधी झालेली नोंदच कामाला येते.

म्हणून आम्ही सांगतो, जनावर घरात आहे तोवरच जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नोंद करून घ्या. बिल्ल्याचा क्रमांक वहीत लिहा, जनावराचा फोटो काढून ठेवा. जनावर दगावल्यास त्याच दिवशी तलाठी आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा. शक्यतो पंचनाम्याआधी शव पुरू नका. पंचनाम्यात आपले नाव, जनावराचा प्रकार आणि संख्या बरोबर आहे का, हे वाचून पाहा आणि मगच सही करा. तहसीलदारांकडे दिलेल्या अर्जाची पोच घ्या. आधार आणि बँक पासबुक तयार ठेवा.

आमची सरकारकडे मागणी दोन गोष्टींची आहे. एक, टॅगिंगची शिबिरे गावाच्या चावडीवर नव्हे, वस्त्यांमध्ये भरवावीत. ज्या अटीवर भरपाई अडते, ती पूर्ण करून देणे ही सरकारचीही जबाबदारी आहे. दोन, नवे दर ठरवताना शेळीकडे नीट पाहावे. चार हजारांत गाभण शेळी बाजारात मिळत नाही. भूमिहीन घरातली शेळी म्हणजे आजारपणाचा आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च असतो. ती वाहून गेली की घर सावकाराच्या दारात उभे राहते.