पाऊण अंशामागचा हात

पुण्याच्या शिवाजीनगरातलं सिमला ऑफिस सगळ्यांना ठाऊक असतं. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 साली सिमल्याहून इथे आलं, म्हणून ते नाव. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव राहिलं. वेधशाळेच्या आवारात झडपांची एक पांढरी लाकडी पेटी असते. तिच्यातल्या कमाल तापमापकाच्या नळीला, घरच्या जुन्या थर्मामीटरसारखाच, एक बारीक गळा असतो. चढलेला पारा नोंद करून झटकेपर्यंत खाली येत नाही. देशभरच्या अशा पेट्यांमधल्या नोंदींतून कळलं, की 1901 ते 2018 या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे 0.7 अंश सेल्सियसने वाढलं.

वळवाच्या एका सरीने पारा आठ-दहा अंश उतरतो, मग पाऊण अंशाचं काय घेऊन बसलात, असं कुणीही म्हणेल. पण सर येते आणि जाते. खरा प्रश्न असा, की निसर्ग स्वतःच्या लहरीने शंभर वर्षांत तापमान किती सरकवू शकतो?

त्यासाठी पृथ्वी संगणकात चालवतात. आधी हजारो वर्षं नुसते समुद्र आणि हवा यांचे हेलकावे. मग सूर्यातले बदल आणि 1991 च्या पिनाटुबोसारखे ज्वालामुखी घालून. शेवटी माणसाने सोडलेले वायू आणि धूरही घालून. प्रत्यक्ष वाढ पहिल्या दोन्हींच्या पट्ट्याबाहेर पडली आणि तिसऱ्यात बसली, तर माणसाचा हात दिसला म्हणायचं. प्रत्येक कारणाचा ठसा वेगळा असतो आणि तो निसर्गाच्या लहरींच्या गोंगाटातून वेचता येतो, हे हवामानशास्त्रज्ञ क्लाउस हासेलमान यांनी दाखवलं. त्यांना 2021 चं नोबेल मिळालं.

जगाच्या सरासरीत इकडची थंडी तिकडच्या उकाड्यात जिरते. एकट्या प्रदेशाला ती सोय नाही, म्हणून तिथे ठसा शोधणं अवघड. त्यात भारताचा गुंता आणखी वेगळा. कोळशाचा धूर सूर्यप्रकाश अडवतो, गंगेच्या खोऱ्यातलं ओलीत बाष्पीभवनाने जमीन गार ठेवतं. म्हणजे तापवणारेही आपण, झाकणारेही आपणच. पाषाणच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2020 च्या अहवालात हेच मांडलं: वाढ मुख्यतः हरितगृह वायूंमुळे, आणि तिचा काही भाग धूलिकण व जमीनवापरातल्या बदलांनी दाबलेला. म्हणून भारत जगापेक्षा कमी तापला, यात दिलासा शोधणं मला धोक्याचं वाटतं.

तो धूर आपल्या फुफ्फुसात जातो, तो थांबलाच पाहिजे. पण धूर पावसाच्या चार सरींत धुतला जातो, कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं हवेत राहतो. हवा स्वच्छ झाली, की आज दबलेली वाढ त्या पांढऱ्या पेटीतला पारा दाखवू लागेल.