रायपूरच्या इनडोअर कोर्टवर कॅमेरा नेताना

रायपूरच्या बलबीरसिंग जुनेजा इनडोअर स्टेडियमसारख्या बंदिस्त हॉलमध्ये बास्केटबॉल टिपायचाय? फ्लॅश घरीच ठेवा, खेळाडूंचे डोळे दिपतात. ८५ मिमी एफ/१.८ लेन्स, शटर किमान १/८००, आयएसओ बिनधास्त ३२०० ते ६४००. फोटोत थोडे दाणे दिसले तरी चालतील, हललेला चेहरा नको! खरा त्रास दिव्यांचा. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. म्हणून एका फोटोत जर्सी लख्ख, पुढच्यात काळपट. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालूच ठेवा. बसायचं बास्केटमागच्या रेषेबाहेर, कोपऱ्याकडे, अगदी जमिनीलगत. रिंग ३.०५ मीटरवर असते, खालून उडीची उंची सुरेख दिसते. रेषेपासून दोन मीटर मात्र सोडा, आणि आयोजकांची परवानगी आधीच घ्या.