ताटली मैदानात, ताट घरात

कॉलेजात जाणारी आपली मुले क्रिकेट, कबड्डी, खो-खो खेळतात, हे घरातल्या मोठ्यांना ठाऊक असते. पण मुलगी संध्याकाळी प्लास्टिकची एक ताटली घेऊन मैदानाकडे निघाली, तर ‘हा कसला खेळ?’ असा प्रश्न येतोच. या खेळाचे नाव अल्टिमेट, म्हणजेच अल्टिमेट फ्रिस्बी. चंदगडसारख्या तालुक्याच्या गावातल्या कॉलेजच्या खेळाडूला या खेळात पुढे जायचे असेल, तर येत्या हंगामासाठी शरीर कसे घडवावे आणि त्यात घराचा वाटा किती, हे या वेळच्या आरोग्य पानावर पाहू.

आधी खेळ समजून घेऊ. अमेरिकेतल्या फ्रिस्बी नावाच्या बेकरीच्या पत्र्याच्या ताटल्या विद्यार्थी एकमेकांकडे भिरकावत, त्यावरून फ्रिस्बी हे नाव पडले. १९६८ मध्ये न्यू जर्सीतल्या एका हायस्कूलच्या मुलांनी त्याला सांघिक खेळाचे रूप दिले. ६ नोव्हेंबर १९७२ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांत पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला आणि रटगर्सने तो २९-२७ असा जिंकला. आज मोठ्यांच्या सामन्यात १७५ ग्रॅम वजनाची ताटली वापरतात. मैदान १०० मीटर लांब आणि ३७ मीटर रुंद असते. दोन्ही टोकांना १८ मीटरचा पट्टा असतो. प्रत्येक बाजूला सात खेळाडू. ताटली हातात असताना पळता येत नाही. एक पाय जमिनीवर रोवून दहा सेकंदांच्या आत ती सहकाऱ्याकडे फेकावी लागते. खाली पडली की ती समोरच्या संघाची. समोरच्या टोकाच्या पट्ट्यात झेलली की एक गुण. धक्काबुक्कीला जागा नाही.

या खेळाच्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली म्हणजे इथे निकाल देणारा पंच नसतो. जागतिक स्पर्धेतही फाऊल झाला की खेळाडूच सांगतो, दोघे बोलतात आणि निर्णय करतात. सामना संपल्यावर दोन्ही संघ एकमेकांच्या वागणुकीला पाच मुद्द्यांवर २० पैकी गुण देतात. दुसरी गोष्ट म्हणजे मिश्र संघ. एका डावाला चार मुली आणि तीन मुले, तर दुसऱ्याला चार मुले आणि तीन मुली, अशी मांडणी असते. मुलगी संघात शोभेपुरती नसते. तिच्याकडे ताटली गेली नाही तर संघ हरतो.

आपल्या देशातही वस्त्यांनी हा खेळ उचलला आहे. चेन्नईच्या ‘फ्लाय वाइल्ड’ संघावर ‘१७५ ग्रॅम्स’ नावाचा लघुपट निघाला आणि तो २०१५ च्या सनडान्स चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या खेळाच्या जागतिक महासंघाला पूर्ण मान्यता दिली. खर्चाच्या दृष्टीनेही खेळ परवडणारा आहे. सगळ्या संघाला एक ताटली आणि प्रत्येकाला बरे बूट, एवढ्यात काम भागते. बुटांवर मात्र काटकसर करू नका. आपल्याकडच्या जांभ्या दगडाच्या जमिनीवर अनवाणी पळणे म्हणजे जखमेला आमंत्रण.

आता तयारीकडे वळू. चंदगड भागात जून ते सप्टेंबर मैदानात चिखल असतो. हा काळ वाया गेला असे समजू नये. ताकद कमवायचा हाच काळ. आठवड्यातून दोन-तीन दिवस घरातल्या मोकळ्या जागेत किंवा विहाराच्या ओसरीवर बैठका, एक पाय पुढे टाकून बसणे-उठणे, कोपरांवर शरीर तोलून धरणे, एका पायावर उभे राहून तोल सांभाळणे, एवढे केले तरी पुरे. एक व्यायाम खास महत्त्वाचा. गुडघ्यांवर उभे राहायचे, जोडीदाराने घोटे घट्ट धरायचे आणि कंबरेतून न वाकता सावकाश पुढे झुकत जायचे. या व्यायामाने मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात, असे अनेक खेळांतल्या अभ्यासांत दिसले आहे. फेकीचा सराव पावसातही बंद पडत नाही. दोघे समोरासमोर उभे राहून रोज पन्नास-शंभर फेकी केल्या की मनगट तयार होते.

पाऊस ओसरला की ऑक्टोबरात छोट्या धावा सुरू कराव्यात: वीस-तीस मीटर जोरात पळणे, थांबणे, वळणे, पुन्हा पळणे. अल्टिमेटमध्ये नेमके हेच करावे लागते. स्पर्धा बहुधा शनिवार-रविवारी असतात आणि एका दिवसात तीन-चार सामने होतात. त्यामुळे पहिल्या सामन्यात किती वेगाने पळता, यापेक्षा चौथ्या सामन्यात पाय उचलतात की नाही, यावर खेळाडूची खरी परीक्षा होते.

हंगामाआधीची अशी मेहनत कोल्हापूरला नवी नाही. राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव मातीत तयार झालेले मल्ल. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना मॅटवर लढावे लागले आणि ते सहावे आले. पुढची चार वर्षे त्यांनी तयारी केली, वरच्या वजनगटात उतरले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. खेळाडूमागे कुणीतरी उभे राहावे लागते. आपल्याला घर गहाण ठेवायचे नाही, फक्त ताट नीट वाढायचे आहे.

रोज सराव करणाऱ्या खेळाडूला शरीराच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५० किलोच्या मुलीला साठ ते पंचाहत्तर ग्रॅम. एका अंड्यातून सहा, मूठभर शेंगदाण्यांतून सात, वाटीभर घट्ट डाळीतून सहा-सात ग्रॅम मिळतात. सुकट, मासळी, हरभरा, चवळी, दूध यांतून बाकीचे भरून निघते. नाचणी तर आपल्या भागातच पिकते. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. सरावानंतर उकडलेले रताळे आणि अंडे खाल्ले, तर महागड्या पावडरीच्या डब्याची गरज उरत नाही.

इथे घराने एक गोष्ट स्वतःला विचारावी. मुलगा सरावावरून आला की त्याच्या ताटात अंडे पडते. मुलगी आली की ती आधी भांडी घासते आणि मग उरलेले खाते, असे तर होत नाही ना? मैदानावर दोघे तेवढेच पळतात. समतेची भाषा आपण सभेत बोलतो, ती ताटातही वाढली पाहिजे.

याचा संबंध थेट रक्ताशी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. मुलीचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असेल, तर ती दुसऱ्याच धावेला धापा टाकते, पाय जड होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. मैदानावर तिला ‘आळशी’ म्हणतात आणि ती खेळ सोडते. दोष तिच्या इच्छेत नसतो, रक्तात असतो. हंगाम सुरू होण्याआधी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. १० ते १९ वयासाठी आठवड्याला एक लोह-फॉलिक आम्लाची निळी गोळी सरकारी योजनेतून मिळते. ती जेवणानंतर घ्यावी. शौच काळी झाली तर घाबरू नये. जेवणावर लगेच चहा पिऊ नये, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. पालेभाजी-डाळीवर लिंबू पिळावे किंवा सोबत आवळा खावा. मटण, कलेजी, मासळी यांतले लोह शरीर लवकर घेते. रक्त फारच कमी असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेले रोजचे औषध पूर्ण करावे.

विदर्भातल्या आणि तिथून इतरत्र गेलेल्या घरांनी सिकलसेलची तपासणीही करून घ्यावी. आपल्या समाजात हा आजार आढळतो. केवळ वाहक असलेला मुलगा किंवा मुलगी खेळू शकते, पण त्यांनी सराव हळूहळू वाढवावा, पाणी भरपूर प्यावे आणि भर उन्हात दमेपर्यंत पळू नये. आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच मैदानात उतरावे.

आणखी एक गोष्ट आईने मुलीशी मोकळेपणाने बोलावी. सराव वाढला, खाणे तेवढेच राहिले आणि तीन महिने पाळी आली नाही, तर ‘बरे झाले, कटकट गेली’ म्हणू नका. शरीराला अन्न कमी पडत असल्याची ती खूण असू शकते. त्यात हाडे ठिसूळ होतात. डॉक्टरांना दाखवा.

दुखापतींत घोटा आणि गुडघा यांचा नंबर पहिला. वळण्या-उड्यांच्या खेळात गुडघ्याच्या आतला स्नायुबंध तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा दुप्पट-तिप्पट असतो. म्हणून उडी मारून खाली येताना गुडघे वाकलेले आणि पायाच्या बोटांच्या रेषेत असावेत, आत वळू नयेत. हे प्रशिक्षकाने पहिल्या दिवसापासून घोकून घ्यावे. घोटा मुरगळला तर ओढून ‘बसवू’ नका, सुजेवर जोरात मालीश करू नका. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवा, पट्टी बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. चार पावले टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढलाच पाहिजे.

झोप हेही औषधच आहे. एका खोलीच्या घरात रात्री अकरापर्यंत टीव्ही चालू असेल, तर खेळाडू झोपणार केव्हा? हंगामाच्या महिन्यांत तरी त्याला आठ तास झोप मिळेल, असे सगळ्यांनी मिळून ठरवावे.

पंच नसलेला हा खेळ मुलांना आणखी एक सवय लावतो: चूक झाली तर कबूल करणे, रागावर ताबा ठेवून समोरच्याचे ऐकणे. मनाच्या आरोग्यासाठी ती फार मोलाची आहे.

तेव्हा घरात खेळणारी मुलगी किंवा मुलगा असेल, तर या आठवड्यात तीन कामे करा. हिमोग्लोबिनची तपासणी, पायात नीट बसणारे बूट आणि रात्रीच्या जेवणात दोघांच्या ताटात सारखे वाढप. फेकी आणि झेल ती मुले मैदानावर शिकतील.